अडकलेली कात: टॅरंटुलाला हात कधी लावायचा आणि कसा

तुमचा टॅरंटुला, म्हणजे पाळलेला मोठा केसाळ कोळी, आत्ता उताणा पडलेला असेल आणि घाबरून तुम्ही हे वाचायला घेतलं असेल, तर आधी तीन गोष्टी करा. पेटीत जिवंत भक्ष्य फिरत असेल तर ते अलगद बाहेर काढा. खोलीतला उजेड कमी करा आणि पेटी जागची हलवू नका. मग घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, आणि कोळी कुठल्या अवस्थेत दिसला तेही लिहा. फोटो काढलात तर उत्तम, फक्त फ्लॅश नको. एवढं झालं की बसून पुढचं वाचा. तेवढा वेळ तुमच्या हातात नक्की आहे.

उताणा पडलेला टॅरंटुला सहसा मेलेला नसतो, तो कात टाकत असतो. मरणारा कोळी बहुतेक वेळा सुलटाच असतो आणि त्याचे पाय पोटाखाली मुठीसारखे आवळत जातात. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टॅरंटुलाच्या पायात वाकवणारे स्नायू असतात, पण पायाचे दोन मुख्य सांधे सरळ करणारे स्नायूच नसतात. पाय पसरतो तो आत ढकललेल्या रक्तद्रवाच्या दाबाने. दाब गेला की पाय आत वळतात. कात टाकण्याची सगळी मेहनतही याच दाबावर चालते. अंगात पाणी कमी असेल तर दाब कमी पडतो, आणि दाब कमी पडला की पाय जुन्या कवचातून सुटत नाहीत. म्हणून या लेखात पाण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. चिमटा आणि कात्री त्यानंतर, आणि शक्यतो येऊच नयेत.

आत काय चाललेलं असतं

कोळ्याचं कवच त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून मोठं व्हायचं तर जुनं कवच टाकावंच लागतं. पिल्लं अगदी महिन्या-दोन महिन्यांनी कात टाकतात. पूर्ण वाढलेली मादी वर्षातून एकदा टाकते, कधी दोन वर्षांनीही. कात पडते एका दिवसात, पण तयारी कितीतरी आठवडे आधीपासून सुरू असते. जुन्या कवचाखाली नवं, मऊ, चुरगळलेलं कवच तयार होतं. दोन्हींच्या मध्ये एक द्रव पसरतो आणि तो जुन्या कवचाचा आतला थर विरघळवत जातो. हा द्रव म्हणजे जुन्या आणि नव्या कवचातलं वंगण. कोळी आतून कोरडा असेल तर हे वंगणही अपुरं पडतं.

वेळ आली की कोळी रेशमाचं एक अंथरूण विणतो. काही जाती त्यात स्वतःचे खाजरे केसही पेरतात. त्यावर तो उताणा होतो, क्वचित कुशीवर पडतो. मग पोटातला रक्तद्रव पुढच्या भागात, म्हणजे शिरोवक्षात, ढकलला जातो. पाठीवरची ढाल कडेने उसवते आणि डब्याच्या झाकणासारखी उचलली जाते. पोटाचं जुनं कातडं बाजूंनी फाटून सुरकुतत मागे सरकतं. शेवटी पाय. लयीत, एकेका उचक्यासरशी, हातमोज्यातून बोटं काढावीत तसे सगळे पाय एकदम थोडे थोडे बाहेर येत राहतात. पिल्लाचं हे काम तासाभरात आटोपतं. मोठ्या कोळ्याला कित्येक तास लागतात, आणि त्याआधी नुसता निपचित उताणा पडून राहण्यात आणखी कितीतरी तास जातात.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कात म्हणजे नुसतं बाहेरचं कातडं नव्हे. विषदंत, तोंडाचं अस्तर, अन्न ओढून घेणाऱ्या जठराचं अस्तर आणि पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांचं अस्तर, सगळंच त्या कातीबरोबर बाहेर येतं. त्यामुळे बाहेरून ओढाताण केली तर आतलं काय फाटेल ते तुम्हाला दिसत नाही. घाई करू नये असं मी इतक्या आग्रहाने म्हणतो ते म्हणूनच.

खरी मदत आधीच्या आठवड्यांत

कात जवळ आल्याची चिन्हं ओळखता आली की निम्मं काम झालं. कोळी खाणं सोडतो. पोट फुगून तुकतुकीत दिसतं. अंगाचा रंग मळकट होतो. केस उडवणाऱ्या अमेरिकी जातींमध्ये पोटावर टक्कल पडलेलं असेल तर ते आधी फिकट गुलाबी-बदामी असतं आणि मग काळपट होत जातं. खाली उगवलेले नवे केस जुन्या कातड्यातून दिसतात, म्हणून हा काळेपणा येतो. टक्कल काळं पडलं की कात फार लांब नाही असं समजा. बिळात राहणाऱ्या जाती तोंडाशी माती आणि जाळं रचून दार बंद करून घेतात. ते दार उकरू नका. आत काय चाललंय हे बघायची कितीही ओढ लागली तरी नको.

या काळात पाण्याची वाटी सतत भरलेली हवी. पिल्लू अगदी लहान असेल तर एखाद्या बाटलीचं झाकण पुरतं. खाणं बंद असलं तरी पाणी पिणं बंद नसतं. वाटीबरोबरच पेटीतल्या मातीचा एक कोपरा ओला ठेवा. पाणी कडेने ओता, म्हणजे ते खालच्या थरात मुरेल आणि वरचा भाग चिखल होणार नाही. कोळ्याला हवं तर तो ओल्या बाजूला जाईल, नको असेल तर कोरड्या बाजूला बसेल. निवड त्याच्यावर सोडलेली बरी, कारण त्याला काय हवंय हे आपल्यापेक्षा त्याला चांगलं कळतं.

कोळ्यावर फवारा मारायची सवय मात्र सोडा. त्याने हवा तासभर दमट होते, कोळी दचकतो आणि अंगातलं पाणी काही वाढत नाही. कात अडकण्याचा दोष लोक सरसकट हवेतल्या ओलाव्याला देतात. माझं मत वेगळं आहे. बहुतेक जातींसाठी हवेतल्या दमटपणापेक्षा कोळी स्वतः आतून किती पाणी प्यायलेला आहे हे जास्त महत्त्वाचं. कोरड्या प्रदेशातल्या जाती कोरड्या मातीवरही व्यवस्थित कात टाकतात, फक्त वाटी भरलेली असली पाहिजे. थेराफोसासारख्या पावसाळी जंगलातल्या मोठ्या जातींचं मात्र वेगळं. त्यांची माती कायम ओलसरच हवी. त्यांना कोरडं ठेवलं तर कात अडकण्याची धास्ती खरी असते.

उष्णता वाढवून काम लवकर होईल असा विचार मनात येतो, तोही टाळा. दिवा किंवा तापणारी चटई लावली की पेटी सुकते आणि कोळीही सुकतो. माणसाला सुसह्य वाटणारी खोली त्यालाही पुरते. पेटी बदलणं, साफसफाई, फोटोसाठी सजावट हलवणं, हे सगळं कात होऊन कवच कडक होईपर्यंत पुढे ढकला.

भक्ष्याचं एवढंच: टक्कल काळं दिसू लागलं की जिवंत किडा आत सोडायचा नाही. कात टाकणाऱ्या टॅरंटुलाला हलता येत नाही आणि त्याचं कातडं लोण्याइतकं मऊ असतं. एखादा रातकिडा किंवा मीलवर्म त्याला जिवंतपणी कुरतडू शकतो.

अडकलंय, की नुसतं हळू चाललंय?

सगळ्यात अवघड निर्णय हा. चुकीच्या वेळी केलेल्या मदतीनेही कोळी दगावतात. मी अवस्थेप्रमाणे ठरवतो.

उताणा पडलाय, पण पाठीची ढाल अजून उसवलेली नाही: काहीही करू नका. मोठा टॅरंटुला असा दिवसभरही पडून राहू शकतो. अधूनमधून पायाची टोकं हलकीशी थरथरली तरी पुरे. चोवीस तास उलटले तर पेटीत कोळ्यापासून जरा लांब, कडेला थोडं कोमट पाणी मातीत ओता, बस. बंद कवच बाहेरून उघडण्याचा प्रयत्न कधीच करायचा नाही. आतली तयारी झाली आहे की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि झाली नसेल तर आपण त्याला सोलून काढत असतो.

ढाल उघडली आहे आणि पाय थोडे थोडे सरकताहेत: तरीही काही करू नका. दर अर्ध्या तासाने लांबून एक फोटो काढा आणि आधीच्याशी ताडून बघा. डोळ्यांना न दिसणारी प्रगती फोटोत दिसते. घाबरलेल्या मनाला प्रत्येक मिनिट तासासारखं वाटतं, पण फोटो तसे फसवत नाहीत.

ढाल उघडून चार-पाच तास झालेत, सलग काही फोटोंत तसूभर फरक नाही आणि उचके मंदावले आहेत किंवा थांबले आहेत: ही कात अडकलेली आहे. आता वेळ महत्त्वाची, कारण बाहेर आलेलं नवं कवच हळूहळू कडक व्हायला लागतं, आणि जुन्या नळीत अडकलेला पायही तिथेच, त्याच आकारात कडक होतो. पिल्लांच्या बाबतीत ही मुदत आणखी कमी. त्यांचं सगळंच भरभर चालतं, त्यामुळे ढाल उघडल्यावर तास-दीड तास काहीच हललं नाही तर मी सावध होतो.

कोळी जवळजवळ पूर्ण मोकळा झालाय, एखाद-दुसरा पाय तेवढा अडकलाय: यात सगळ्यात जास्त आशा असते, आणि आपल्या हातांचा खरा उपयोग इथेच होतो.

टॅरंटुलासारख्या अनोख्या पाळीव प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य तुमच्या ओळखीत असेल तर पहिला फोन त्याला. कोळ्याला गुंगी देऊन हे काम करता येतं आणि त्यात ओढाताण पुष्कळ कमी होते. घरी मात्र थंडीने बधिर करण्याचा प्रयत्न करू नका. थंड झालेल्या कोळ्याची उरलीसुरली ताकदही जाते.

हाताशी काय हवं

रंगकामाचा मऊ बारीक ब्रश, दोन असतील तर बरं. बोथट टोकाचा चिमटा. बारीक कात्री, नखं कापायची नव्हे, तर शस्त्रक्रियेला वापरतात तसली अणकुचीदार. भिंग आणि बाजूने पडणारा थंड उजेड. कोमट पाणी, शक्यतो उकळून निवलेलं. ग्लिसरीन. टिश्यू पेपर. कॉर्नफ्लॉवर. बेताचा खोल, सपाट डबा.

हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला. अमेरिकी जातींचे खाजरे केस अंथरुणातही असतात आणि जुन्या कातीवरही. ते डोळ्यात गेले तर बुबुळात रुततात आणि तो त्रास दीर्घकाळ चालतो. भिंगातून बघताना तोंड जवळ न्यायचा मोह होतो, म्हणून हे आधीच सांगतो. आशिया-आफ्रिकेतल्या जातींना असे केस नसतात, पण त्यांचं विष जास्त तीव्र आणि हालचाल विजेसारखी. अर्धवट अडकलेला असला तरी त्याच्याजवळ बोट न्यायचं नाही, ब्रशच न्यायचा.

ओलावा, मग वाट, मग ब्रश

आधी ओलावा. पाव कप कोमट पाण्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब घाला. साबण नको, तेल नको. यांतलं काहीही फुप्फुसांत गेलं तर कोळी गुदमरतो. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. टॅरंटुलाच्या पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागात, फिकट रंगाचे चार चट्टे दिसतात. तीच त्याची फुप्फुसं, आणि कोळी उताणा असताना ती नेमकी वर, तुमच्या समोर येतात. म्हणून ड्रॉपरने टपटप पाणी सोडायचं नाही. ब्रश बुडवायचा, कपाच्या कडेला निथळायचा आणि जुनं कवच जिथे नव्या पायाला भिडलंय तेवढ्याच कडेवर टेकवायचा. पाणी आपोआप आत ओढलं जातं. तोंडाजवळ आणि पोटाजवळ ब्रश न्यायचाच नाही.

मग थांबा. वीस मिनिटं तरी थांबा. पुन्हा ओलं करा, पुन्हा थांबा. जुनं कवच कोरडं असताना कागदासारखं करकरतं, भिजलं की मऊ पडतं. तासाभरात पुष्कळदा कोळी स्वतःच पुन्हा उचके द्यायला लागतो. तसं झालं तर ब्रश खाली ठेवा आणि मागे सरका.

स्वतःहून काही होत नसेल तर पुढची पायरी. जुन्या कातीचा जो भाग पूर्ण रिकामा झालाय, म्हणजे उघडलेली ढाल, पोटाचं सुरकुतलेलं कातडं, निघून गेलेल्या पायांच्या रिकाम्या नळ्या, तो कात्रीने थोडा थोडा कापून वेगळा करा. याने दोन फायदे होतात. अडकलेल्या पायावर लोंबणारं वजन जातं, आणि आता नेमकं काय अडकलंय ते स्वच्छ दिसतं. कापताना प्रत्येक वेळी भिंगातून खात्री करा की पात्यांमध्ये फक्त पारदर्शक रिकामं कवच आहे. शंका वाटली तर कापू नका.

त्यानंतर एकेक पाय. जुनी नळी चिमट्यात धरायची, कोळ्याला कधीच धरायचं नाही. नवा पाय इतका मऊ असतो की धरला तर चपटतो आणि तसाच राहतो. नळी पायाच्या लांबीच्या दिशेत, टोकाकडे, सरळ रेषेत अगदी हळू ओढायची. तिरकी नाही, वळवून नाही. एक मिलिमीटर सरकली तर थांबायचं, पुन्हा ओलं करायचं. कोळ्याने उचका दिला की त्याच क्षणी हलका ताण द्यायचा, एरवी नुसतं धरून ठेवायचं. काम त्यालाच करू द्यायचं, आपण फक्त नळी मागे जाऊ द्यायची नाही.

माझ्याकडच्या ब्राकीपेल्मा गटातल्या एका मोठ्या मादीचे डावीकडचे मागचे दोन पाय असे अडकले होते. चूक माझी होती. वाटी मातीने भरून गेली होती आणि ती खात नाही म्हणून मी पेटीत फारसं डोकावलोच नव्हतो. रात्री अकराला पहिल्यांदा ब्रश टेकवला तेव्हा ती हलतही नव्हती. तिसऱ्या वेळी ओलं केल्यावर तिच्या पुढच्या पायांची टोकं हलली. नंतर साधारण पाऊण तास मी तिसऱ्या पायाची नळी नुसती धरून बसलो होतो. बोटांना आधी काही जाणवत नव्हतं. मग एक बारीकसा धक्का, चिमट्यातून थेट बोटात. नळीच्या तोंडाशी ओलसर काळा केसाळ पाय केसभर पुढे आला. असे धक्के चालत राहिले, आणि शेवटी तो पाय एकदम, जवळजवळ आवाज न करता, निसटून बाहेर पडला. गुडघ्याला किंचित वाक राहिला, पण पाय शाबूत होता. चौथा पाय मात्र निघाला नाही.

पोटाला जुनं कातडं चिकटून राहिलं असेल तर ते ओलं करून ब्रशने पुसल्यासारखं काढायचा प्रयत्न करा, पण फुप्फुसांच्या चट्ट्यांवर किंवा मागच्या जाळं विणणाऱ्या बोटांवर चिकटलेलं ओढू नका. ते अस्तर आतपर्यंत जोडलेलं असतं. ओढलं तर फाटतं ते जिवंत कातडं. दात आणि तोंडाच्या बाबतीतही असंच. तिथे फक्त ओलावा द्यायचा आणि थांबायचं.

पाय वाचत नसेल तर

एका पायासाठी कोळी गमावू नका. टॅरंटुला सात, सहा, अगदी पाच पायांवरही नीट चालतो, शिकार करतो, पुढच्या काती टाकतो. गेलेला पाय पुढच्या कातीत पुन्हा येतो, आधी बारीक आणि आखूड, मग एक-दोन कातींत जवळपास पूर्ववत.

अडकलेला पाय सोडून बाकी सगळं मोकळं असेल आणि कोळी सुलटा होऊ शकत असेल, तर काहीच न करता पाच-सात दिवस जाऊ द्या. कवच कडक झाल्यावर पुष्कळ कोळी तो पाय स्वतःच तोडून टाकतात, आणि कधी कधी खातातही. ते पाहून घाबरायचं कारण नाही.

कधी मात्र अडकलेल्या पायामुळे कोळी जुन्या कातीला खिळून राहतो, वळता येत नाही, किंवा पायातून रक्त थांबत नाही. मग पाय सोडवावा लागतो. तो मधेच कात्रीने कापायचा नाही. टॅरंटुलाच्या प्रत्येक पायाला अगदी मुळाशी एक ठरलेली जागा असते, अंगाला लागून असलेल्या पहिल्या आखूड खंडानंतरचा सांधा. पाय तिथून तुटला की स्नायू आवळून जखम बऱ्याच अंशी बंद होते. त्या सांध्याच्या पलीकडे पहिला लांब खंड असतो, म्हणजे मांडी. ती चिमट्याने घट्ट धरायची आणि एकाच झटक्यात वर, पाठीच्या दिशेने ओढायची. मन चरकतं, हात कचरतो, पण कचरत केलेल्या कामात जास्त रक्त जातं. ज्याच्या हाताला खात्री वाटत नाही त्याने हे पशुवैद्याकडूनच करून घ्यावं. माझ्या मादीचा चौथा पाय मी तोडला नाही. नळीसकट तसाच ठेवला, आणि नवव्या दिवशी सकाळी तो वाटीत पडलेला सापडला.

रक्त दिसलं तर

कोळ्याचं रक्त लाल नसतं. त्यात लोहाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, त्यामुळे ते फिकट निळसर, कधी जवळजवळ पाण्यासारखं दिसतं. म्हणून आपण लावलेलं पाणी आणि रक्त यांत गफलत होते. टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या आणि अर्धा मिनिट बघा. पुन्हा थेंब जमला तर ते रक्त.

पायाच्या थोट्यातून किंवा सांध्यातून येत असेल तर टिपून कोरडं करा आणि ब्रशने कॉर्नफ्लॉवर दाबा, गरज वाटली तर दोनदा. त्याने थांबलं नाही आणि कवच बऱ्यापैकी कडक असेल, तर काडीच्या टोकावर सुपरग्लूचा अगदी इवला थेंब घेऊन थोट्याच्या तोंडावर लावा. शेजारच्या पायाला, तोंडाला किंवा फुप्फुसांना त्याचा स्पर्श होता कामा नये. पोटावर चीर पडली असेल तर कॉर्नफ्लॉवर आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर एवढंच हातात असतं. पोटाच्या मोठ्या जखमेतून कोळी वाचणं अवघड असतं, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

नराची गोष्ट वेगळी

नर वयात आला की ती त्याची बहुधा शेवटची कात असते. त्याच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांच्या टोकाला बोंडासारखे फुगवटे येतात, आणि बऱ्याच जातींत पुढच्या पायांवर आकडे. असा नर पुन्हा कात टाकायला निघाला तर ती बोंडं जुन्या नळीतून निघत नाहीत. बाकी अंग सुटूनही तो तिथेच अडकतो. अशा वेळी ते दोन आखूड अवयव गेले तरी चालतील या तयारीनेच मदत करा. क्वचित असा नर वाचतो. त्याला जगायला त्या अवयवांची गरज नसते, भक्ष्य मारून समोर ठेवलं तर तो खातो.

त्यानंतरचे दिवस

सुटलेला कोळी थकलेला असतो. उताणाच पडून राहील, मग कधीतरी स्वतः सुलटा होईल. तुम्ही उलटवू नका. सुलटा झाल्यावर तो पाय ताणतो, दात आत-बाहेर करतो. तो व्यायाम आहे, नवं कवच जुळून यावं म्हणून.

ओल्या टिश्यूच्या बंद डब्यात आजारी कोळी ठेवायची एक जुनी पद्धत आहे. मी ती एका रात्रीपुरती वापरतो, तीही झाकणाला भोकं पाडून. त्याहून जास्त वेळ कोंदट ओल राहिली की बुरशी धरते. त्यापेक्षा नेहमीच्या पेटीत, पाण्याच्या वाटीशेजारी ठेवणं चांगलं. कोळी सुकल्यासारखा वाटत असेल, पोट सुरकुतलेलं असेल, तर उथळ वाटीच्या काठावर त्याचं तोंड पाण्याला टेकेल असं ठेवा. पोट मात्र पाण्याबाहेर हवं, कारण श्वास तिकडून चालतो.

खायला घालायची घाई नको. नवे दात आधी पांढरे असतात, मग लालसर आणि शेवटी काळे कुळकुळीत होतात. काळे होईपर्यंत भक्ष्य द्यायचं नाही. पिल्लाला चार-पाच दिवस, मोठ्याला दहा-पंधरा दिवस, आणि कात अडखळलेली असेल तर मी त्यावर आणखी आठवडा घालतो. पहिलं भक्ष्य लहान आणि मारलेलं द्या. दात वाकडे आले असतील किंवा तुटले असतील तर किडा ठेचून, त्याचा मऊ गर तोंडापाशी ठेवा. पुढच्या कातीत दात पुन्हा येतात, तोवर असं भरवून कोळी जगवता येतो.

जुनी कात फेकू नका. कोळी सुलटा होऊन बाजूला सरकला की लांब चिमट्याने ती काढून घ्या. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून तासभर भिजवा आणि ब्रशने पसरा. सगळ्या पायांच्या नळ्या टोकापर्यंत आहेत का मोजा. दोन्ही दात बघा. दातांच्या मागे मध्यभागी जठराच्या अस्तराचा छोटा पांढुरका तुकडा असतो, तोही शोधा. पोटाच्या कातड्यावर फुप्फुसांची चार पांढरी पानं असायला हवीत. जठराचं अस्तर कातीत आलं नसेल तर ते कोळ्याच्या आत अडकलेलं असू शकतं. असा कोळी भक्ष्यावर झडप घालतो, चावतो, पण गिळू शकत नाही, आणि पोट दिवसेंदिवस लहान होत जातं. त्यावर घरगुती उपाय नाही. पाणी तोंडाशी ठेवत राहायचं आणि पशुवैद्याला दाखवायचं.

फुप्फुसांच्या पुढच्या दोन पानांच्या मधे मादीला वीर्य साठवायची छोटी पिशवी दिसते, नराला ती नसते. लिंग ओळखायला याहून खात्रीची खूण घरात मिळणार नाही, तेव्हा आत्ताच भिंगाखाली बघून घ्या. मग कात सुकवून तारखेची चिठ्ठी लावा, आणि चिठ्ठीवर किती तास लागले, कुठला पाय अडकला, वाटीत पाणी होतं की नाही, तेही लिहा. माझ्या त्या मादीची पुढची कात चौदा महिन्यांनी आली. वाटी भरलेली होती, पहाटे तीनला ढाल उघडली आणि उजाडेपर्यंत ती बाहेर होती. डावीकडचा चौथा पाय काडीएवढा बारीक, फिकट, पण आठवा पाय होता.